काचेची तोफ : लांबून मारणारी जादूगारीण कशी खेळायची

ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. माळ्यावरून गोफण फिरवणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी ते काम करतच मोठ्या झाल्या. गोफणगुंडा सुटला की पार पलीकडच्या बांधापर्यंत जातो आणि पाखरांचा थवा उठतो. आता पाखरांच्या जागी रानडुकरांचा कळप आहे असं समजा. माळाही नाही. गोफणवाली जमिनीवर उभी, हातात काठी नाही, अंगावर साधं लुगडं. तिचा गुंडा बसला तर डुक्कर लोळेल. पण डुक्कर तिच्यापर्यंत पोचलं तर काय?

आजचं बोलणं ह्या बाईबद्दल आहे. फक्त ती आपल्या शिवारात नाही, संगणकावरच्या एका खेळात आहे.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला? त्याचं कारण घरातच आहे. कॉलेजात जाणारी मुलगी कानाला हेडफोन लावून बसते आणि मध्येच ओरडते, "माझ्यावर आलं, माझ्यावर आलं, मी मेले!" आई चुलीपुढून धावत येते. मुलगी मान वर न करता म्हणते, "आई, आत्ता बोलू नकोस, मी उठले तर चौघं मरतील." हे ऐकून कुठल्या आईच्या पोटात गोळा येणार नाही? मग रागाच्या भरात संगणकाचं बटण बंद होतं आणि माय-लेकीत आठवडाभर अबोला. गटाच्या बैठकीत अशी गाऱ्हाणी मी बऱ्याचदा ऐकते. मी स्वतः धाकट्या भावाच्या संगणकावर हा खेळ खेळले आहे, आणि त्यात जादूगारीणच झाले होते. म्हणून म्हटलं, मुलगी नेमकं काय करत असते ते आज नीट उलगडून सांगावं.

खेळाचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. ब्लिझार्ड नावाच्या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली बाजारात आणला. २०१० साली त्याचे जगभरात १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. ह्यात ॲझरॉथ नावाचं एक काल्पनिक जग आहे. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्या जगात फिरायचं. त्याच वेळी दुसरे हजारो लोक आपापल्या घरून तिथेच फिरत असतात. म्हणजे समोर दिसणारा योद्धा हे चित्र असलं, तरी त्याला चालवणारा माणूस कुठेतरी खराखुरा बसलेला असतो. २०१९ साली कंपनीने जुन्या काळचा खेळ क्लासिक ह्या नावाने पुन्हा सुरू केला. मी पुढे जे आकडे सांगणार आहे ते त्या जुन्या पद्धतीचे आहेत.

ह्या खेळातल्या गुहांमध्ये आणि किल्ल्यांमध्ये पाच जणांची टोळी जाते. त्यात कामाची वाटणी ठरलेली असते. एक जण ढाल होतो, त्याला खेळणारे टँक म्हणतात. त्याच्या अंगावर लोखंडी चिलखत, त्याने मार खायचा. एक जण वैद्य, म्हणजे हीलर. त्याने जखमा भरायच्या. उरलेल्या तिघांनी शत्रूला मारायचं. ह्या तिघांत जादूगारीण असते. ती लांबून अग्नीचे गोळे आणि बर्फाचे बाण टाकते. तिचा मार जबर, पण अंगावर फक्त कापडी झगा. लोखंडी चिलखत तिला घालताच येत नाही. अशा पात्राला खेळणारे काचेची तोफ म्हणतात. तोफ खरी, पण काचेची. उडते जोरात, आणि टोला बसला की फुटते.

असं पात्र का बनवलं असेल? सोपं आहे. लांबून मारायचं, जोरात मारायचं आणि वर मारही सोसायचा, हे तिन्ही एकाच बाईला जमलं तर तिला इतर चौघांची गरजच उरणार नाही. मग सगळे तेच पात्र घेतील आणि टोळी ही गोष्टच संपेल. म्हणून एका हाताने ताकद दिली आणि दुसऱ्या हाताने संरक्षण काढून घेतलं. ह्या खेळाची सगळी गंमत त्या कमीपणातच आहे.

आता ती खेळायची कशी ते बघू.

पहिली गोष्ट अंतराची. खेळात अंतर वारात मोजतात. आपल्या नऊवारीतला वार तोच हा. तिचा अग्निगोळा ३५ वारांपर्यंत जातो. म्हणजे चार नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली तर एका वाराने कमी. बर्फाचा बाण ३० वार जातो. एवढ्या अंतरावर उभं राहायचं. पण मागे सरकताना आपल्या पाठीमागे काय आहे ते आधी बघायचं. गुहेत मागच्या खोलीतही शत्रू असतात. नवी खेळणारी पुढच्या संकटापासून दूर जाता जाता मागच्या संकटात पाय ठेवते आणि सगळी टोळी दोन्हीकडून अडकते. शिवाय वैद्याची नजर आपल्यापर्यंत पोचली पाहिजे. मध्ये खांब किंवा भिंत आली तर त्याचं औषध आपल्याला लागत नाही. म्हणून दूर, पण वैद्याला दिसेल असं.

दुसरी गोष्ट वेळेची. मोठा अग्निगोळा सोडायला साडेतीन सेकंद मंत्र म्हणावा लागतो. तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. पाऊल हललं की मंत्र मोडला. मध्ये कोणी मारलं तर मंत्र लांबत जातो. म्हणजे शत्रू अंगाशी आला की तिचं नुसतं रक्त जात नाही, तिची तोफही थंडावते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि ती आपल्याला पटकन कळेल, कारण ती हिशोबाच्या वहीची आहे. प्रत्येक राक्षसापाशी एक वही आहे असं समजा. तिच्यात पाचही जणांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याच्यावरचा राग मांडलेला. ज्याने जास्त मारलं त्याच्या नावे जास्त राग. वैद्याने कोणाची जखम भरली तरी त्याच्या नावे थोडा राग चढतो. ढालीला मात्र खास डाव दिलेले असतात, त्यांनी मार कमी बसला तरी राग जास्त चढतो. राक्षस नेहमी वहीतल्या सर्वांत वरच्या नावाला मारतो. ढालीचं नाव वर ठेवायचं, ह्यावर सगळ्या टोळीचा जीव असतो.

आता नियम नीट ऐका. राक्षसाच्या हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचा राग ढालीच्या ११० टक्क्यांवर गेला, की राक्षस त्याच्याकडे वळतो. पण लांब उभ्या असलेल्या माणसासाठी ती हद्द १३० टक्के आहे. समजा ढालीच्या नावे १००० राग जमा आहे. जवळ उभ्या माणसाने ११०० ओलांडले की त्याच्यावर आलं. लांब उभ्या जादूगारिणीला १३०० पर्यंत मोकळीक. म्हणजे दूर उभं राहिल्याने मार चुकतोच, शिवाय २०० रागाची जास्तीची सवलतही मिळते.

म्हणून शहाणी जादूगारीण लढाई सुरू झाल्या झाल्या तुटून पडत नाही. ढालीच्या नावे राग जमू देते, मग हलका बर्फाचा बाण टाकते, मग गोळे. तिचा एखादा मंत्र कधीकधी आपोआप दीडपट लागतो. असे दोन लागोपाठ लागले की वहीतलं तिचं नाव झपकन वर चढतं. अशा वेळी हात आवरायचा. दोन क्षण काहीच करायचं नाही. "माझ्यावर आलं" ह्या ओरडण्याचा अर्थ एवढाच, की वहीत तिचं नाव सगळ्यांत वर गेलं.

मग आल्यावर काय करायचं? इथे अंगभूत बुद्धी उलटं सांगते. कोणी अंगावर आलं की माणूस पळतो, आणि मदतीपासून लांब पळतो. नवी जादूगारीण हेच करते. राक्षस तिच्या मागे, ढाल राक्षसाच्या मागे, आणि वैद्य सगळ्यांच्या मागे. कोणाचाच हात कोणाला पोचत नाही. जाणती जादूगारीण ढालीच्या दिशेने पळते. राक्षस मागोमाग येतोच. ढाल त्याला डिवचतो. त्या डावाने ढालीचा राग वहीत वरच्या नावाच्या बरोबरीला येतो आणि राक्षस परत त्याच्याकडे वळतो. संकट अंगावर घेऊन आपल्या माणसांकडे जायचं, हे हाताला वळण पडायला पुष्कळ दिवस लागतात.

तिच्याजवळ स्वतःचेही चार उपाय असतात. एक, पायाशी बर्फ पसरून जवळच्या शत्रूंचे पाय जास्तीत जास्त ८ सेकंद जखडून टाकायचे. पण लक्षात ठेवा, पाय बांधलेला राक्षस हाताशी सापडेल त्याला मारतो. म्हणून वैद्याच्या शेजारी उभं राहून हा डाव टाकायचा नाही. दोन, एका क्षणात २० वार पुढे उडी घ्यायची. ती तोंड जिकडे असेल तिकडे जाते, म्हणून आधी वळायचं आणि मग उडी. तीन, शत्रूची मेंढी करायची. हो, मेंढी! सगळ्यांना हा मंत्र लागत नाही. माणसासारख्या शत्रूंना आणि जनावरांना लागतो. मेंढी जास्तीत जास्त ५० सेकंद चरत फिरते. पण तिला कोणाचा एक जरी फटका लागला तरी ती परत राक्षस होते. म्हणून तिच्या डोक्यावर खूण लावतात, बहुतेक टोळ्यांत चंद्राची. चंद्र दिसला की हात लावायचा नाही, हे पाचही जणांना ठाऊक असावं लागतं. चौथा उपाय बर्फाच्या ठोकळ्यात स्वतःला कोंडून घेण्याचा. हा खास शिकून घ्यावा लागतो. दहा सेकंद कोणी तिला काही करू शकत नाही, पण तिलाही काही करता येत नाही. तेवढ्यात राक्षस वहीतल्या दुसऱ्या नावाकडे जातो. ठोकळा फुटला की तिचं नाव वहीत असतंच, खोडलेलं नसतं. म्हणून बाहेर आल्याबरोबर पुन्हा गोळे फेकायचे नाहीत.

एकटीने फिरताना ढाल नसते. तेव्हा बर्फाच्या बाणावर भर. तो लागलेला शत्रू संथ होतो. तो येईपर्यंत आणखी दोन बाण. जवळ आला की पाय जखडायचे, मागे जायचं, पुन्हा बाण. एका वेळी एकच शत्रू अंगावर घ्यायचा. दोन आले तर एकाची मेंढी करायची. तिघं आले तर लाज न बाळगता निघून जायचं.

कोणता मंत्र कुठे चालेल हेही बघावं लागतं. ह्या खेळात मोल्टन कोअर नावाची आगीच्या डोंगरातली गुहा आहे. तिथे ४० जण मिळून जातात. तिथल्या पुष्कळ राक्षसांना आग लागतच नाही. बाहेर अग्निगोळ्यांनी नाव कमावलेल्या जादूगारिणीला तिथे मुकाट्याने बर्फ शिकून जावं लागतं.

मंत्र टाकायला शक्ती लागते. पडद्यावर तिची निळी पट्टी असते. ती संपली की तोफ रिकामी. मग खाली बसून पाणी प्यायचं. हे पाणी जादूगारीण मंत्राने स्वतः तयार करते, भाकरीही करते, आणि टोळीतल्या सगळ्यांना वाटते. चांगली जादूगारीण लढाईआधी न मागता पाणी देते, आणि पहिलं वैद्याला देते. त्याची शक्ती संपली की सगळेच मेले.

आता मानाअपमानाची गोष्ट. कोणी किती मार दिला ह्याचे आकडे खेळणारे पडद्यावर लावून ठेवतात. जादूगारिणीला तिथे पहिल्या नंबरावर यायचं असतं. त्या हौसेपायी ती वहीकडे बघत नाही, नाव वर जातं आणि एका फटक्यात आडवी होते. मेलेल्या जादूगारिणीचा आकडा जागचा हलत नाही. उलट, शत्रूचा मंत्र ऐन वेळी तोडणं, सोबत्याला लागलेला शाप उतरवणं, मेंढी सांभाळणं, पाणी वाटणं, ही तिची कामं त्या आकड्यात धरतच नाहीत. ती झाली नाहीत तर टोळी मरते, झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. न मोजलेलं काम काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलीने अशी कामं केली असतील तर घरात निदान आपण तिला विचारावं.

आणि "मी मेले" ह्या शब्दाला घाबरू नका. खेळात मेलं की पात्राचं भूत स्मशानात उभं राहतं. तिथून पळत आपल्या देहापाशी जायचं आणि उठायचं. अंगावरच्या कपड्यालत्त्याची १० टक्के झीज होते, ती खेळातलं सोनं देऊन दुरुस्त करायची. नुकसान वेळेचं. मात्र ऐन लढाईत ती अचानक उठली, किंवा वीज गेली, तर तिचं पात्र तिथेच बाहुलीसारखं उभं राहतं, आणि पलीकडच्या चार खऱ्या माणसांची तासाभराची मेहनत वाया जाते. "चौघं मरतील" म्हणते ते ह्या अर्थाने. ती उद्धटपणा करत नसते, तिने चौघांना शब्द दिलेला असतो.

म्हणून घरात आधीच ठरवून घ्या. पाच जणांच्या गुहेला तास-दीड तास सहज लागतो. ४० जणांच्या मोहिमेला त्याहून बराच जास्त, आणि तिची वेळ आधी ठरलेली असते. मुलीने बसण्याआधी सांगायचं, "आज एवढी एक गुहा, साडेनऊपर्यंत." भारनियमनाची वेळ बघूनच बसायचं. अभ्यास, जेवण, घरातलं तिच्या वाट्याचं काम आधी. आणि तिने वेळ पाळली तर आपणही मध्येच बटण दाबायचं नाही. नाहीच पाळली, तर खात्यात पालकांसाठी सोय आहे, तिथे रोजच्या खेळाची वेळ बांधून देता येते. हे दोघींनी शेजारी बसून करायचं.

दुसरी काळजी पैशांची. ह्या खेळाची महिन्याची वर्गणी असते. ती परवडते का, कोण भरतं, हे मोकळेपणाने विचारा. खेळातलं सोनं खऱ्या पैशांत विकणारे लोक बाहेर भेटतात. त्यांच्याकडून घेणं खेळाच्या नियमात बसत नाही, आणि त्यात फसवणूकही होते. पैसे लावून जिंकायचे ऑनलाइन खेळ ही निराळी गोष्ट आहे. त्यांच्यावर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी आणली. दोन्ही एकच समजून मुलीला बोल लावू नका, आणि एकाच्या आडून दुसरं चालत नाही ना, तेही बघा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मग तो टोळीतला कितीही जुना सोबती असो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ह्या नंबरवर फोन करा.

तिसरी काळजी अनोळखी माणसांची. टोळीत कोण आहे, वर्गातल्या मैत्रिणी की कोणीच न पाहिलेले लोक, हे माहीत असावं. खरं नाव, गावाचं नाव, फोटो, फोन नंबर द्यायचा नाही. मुलीचा आवाज ऐकून कोणी वेडंवाकडं बोललं तर त्याला बंद करायची आणि त्याची तक्रार करायची सोय खेळातच असते. पण असं काही घडलं तर ती आपल्याला येऊन सांगेल का? खेळाचं नाव काढलं की घरात भांडणच होत असेल, तर नाही सांगणार. म्हणून हे सगळं आपल्याला थोडंतरी कळलेलं बरं.

सुरुवात कशी करायची? आज-उद्या तिच्या शेजारी दहा मिनिटं बसा. लढाई चालू असताना नको, ती पाणी प्यायला थांबेल तेव्हा. आणि विचारा : तुझ्या टोळीत ढाल कोण आहे? पाणी आधी कोणाला देतेस? मेंढी कोणी मोडली? तुझ्यावर आलं तेव्हा तू कुठल्या दिशेने पळालीस? ती आधी चमकून तुमच्याकडे बघेल. मग बोलायला लागेल, आणि लवकर थांबणार नाही. तेव्हा पैशांचं आणि अनोळखी माणसांचंही विचारून घ्या.

ह्या विषयावर तुमच्या गटात काही प्रश्न निघाले तर बैठकीच्या वहीत लिहून ठेवा आणि आमच्यापर्यंत पोचवा. पुढच्या वेळी त्यांवर बोलू.